लिंक देऊ, पण जामीन राहणार नाही

मराठी विकिपीडियावरचा कुठलाही बऱ्यापैकी मोठा लेख उघडा आणि तळाशी जा. तिथे 'संदर्भ' नावाचा एक विभाग असतो आणि बऱ्याचदा त्याच्याखाली 'बाह्य दुवे' नावाचा दुसरा. दोन्हीकडच्या लिंका निळ्या. टिचकी मारली की दोन्ही उघडतात. फोनवर वाचणाऱ्याला यात खटकण्यासारखं काही नाही. पण त्या निळ्या अक्षरांच्या मागे, कोडमध्ये, विकिपीडियाबाहेर जाणाऱ्या लिंकेला एक शब्द चिकटवलेला आहे: नोफॉलो. तो वाचकासाठी नाही. तो गूगलसारख्या सर्च इंजिनांच्या यंत्रांसाठी आहे, आणि त्याचा साध्या मराठीत अर्थ असा, की 'आम्ही हे पान दाखवतोय खरं, पण त्याची हमी आमची नाही. आमच्या नावावर याला मार्क देऊ नका.'

आता गंमत बघा. लेखात एखादं विधान आधाराशिवाय लिहिलं तर विकिपीडियाचे संपादक त्याला 'संदर्भ हवा' अशी पाटी लावतात. म्हणजे संदर्भाशिवाय विधान उभंच राहत नाही, हा त्या प्रकल्पाचा पाया. आणि संदर्भ दिला की त्याच संदर्भाबद्दल यंत्राच्या कानात सांगायचं, याच्याशी आमचा संबंध नाही. साक्षीदाराला कोर्टात उभं करायचं, त्याच्या साक्षीवर खटला जिंकायचा आणि बाहेर पायऱ्यांवर कोणी विचारलं तर 'हे गृहस्थ कोण?' म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

हा शब्द लिहिणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. लोकांनी टाकलेला मजकूर पानावर दाखवायचा असला की आम्ही एक छोटंसं फंक्शन लिहितो: मजकुरात लिंक सापडली की तिला नोफॉलो चिकटव. कोड तपासणारा सहकारी त्याबद्दल काही विचारत नाही. नसेल तर मात्र विचारतो. 'असू दे, सेफ साइड.' ही सेफ साइड नेमकी कोणासाठी सेफ आहे, हा प्रश्न कोणी काढत नाही. मला या लेखात तेवढाच काढायचा आहे.

त्याआधी थोडी वशिल्याची गोष्ट. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. तिचं बीज विद्यापीठी जगातलंच होतं: ज्या निबंधाचा संदर्भ इतर निबंध जास्त देतात तो महत्त्वाचा. त्यात त्यांनी भर घातली, की संदर्भ देणारा कोण आहे हेही मोजायचं. आपल्याकडे हे समजायला गणित लागत नाही. नुसता वशिला पुरत नाही, वशिला लावणाऱ्याचा स्वतःचा वशिला केवढा, यावर काम होतं की नाही ते ठरतं. मंत्रालयातल्या शिपायाची ओळख आणि सचिवांची ओळख यात फरक असतो (कधीकधी शिपायाचीच जास्त चालते, पण ते सोडा). एखाद्या पानाकडे जे वजन जमतं ते त्याच्यावरच्या लिंकांमध्ये वाटलं जातं. दहा लिंका असतील तर ढोबळमानाने प्रत्येकीला दहावा हिस्सा. ती पानं आपापला वाटा पुढे वाटतात.

ही कल्पना चालली, कारण ज्यांच्या लिंका मोजल्या जात होत्या त्यांना आपण मोजले जातोय हे ठाऊक नव्हतं. कोणीतरी स्वतःच्या पानावर 'हे वाचा, चांगलं आहे' म्हणून लिंक देत होतं, ते वाचकासाठी. गूगलने त्या भाबड्या शिफारशींची बेरीज केली. बेरीज होते हे एकदा कळल्यावर शिफारशी भाबड्या राहणं शक्यच नव्हतं. लिंकांचा बाजार सुरू झाला आणि त्यातला सगळ्यात स्वस्त माल म्हणजे दुसऱ्याच्या ब्लॉगवर जाऊन प्रतिक्रियेत टाकलेली लिंक. औषधं, जुगार, कर्ज. एक प्रोग्रॅम लिहायचा आणि तो हजारो ब्लॉगांवर सोडून द्यायचा.

यावरचा उपाय म्हणून १८ जानेवारी २००५ रोजी गूगलने नोफॉलो जाहीर केलं. याहू आणि एमएसएन सर्चनेही साथ दिली. ब्लॉगर, वर्डप्रेस, लाइव्हजर्नल अशा ब्लॉगांच्या सेवांनी आपापल्या प्रतिक्रियांमधल्या लिंकांना तो शब्द आपोआप लावायचं ठरवलं. मी तेव्हा शाळेत होतो, पण मराठी ब्लॉगांचा तो काळ नंतर जुन्या पानांमधून वाचून काढलाय. बहुतेक ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर, काही वर्डप्रेसवर. प्रतिक्रियेत 'छान लिहिलंय' आणि खाली स्वतःच्या ब्लॉगचा पत्ता. कोणाला ती जाहिरात वाटायची नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाईने जाताना 'आमच्याकडेही या हं' म्हणावं तितकं ते साधं होतं. नव्या लिहिणाऱ्याकडे वाचक यायचा तो याच वाटेने. त्या 'आमच्याकडेही या'ला आणि जुगाराच्या लिंकेला त्या दिवसापासून एकच शिक्का बसू लागला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच.

बरं, सुकं तरी जळलं का? त्याच वर्षी वर्डप्रेसच्या मंडळींनी अकिस्मेट नावाची, प्रतिक्रियांमधला कचरा ओळखणारी सेवा काढली आणि आजही असंख्य साइट तिच्या किंवा तशाच दुसऱ्या कशाच्या तरी भरवशावर चालतात. नोफॉलोने काम झालं असतं तर ती लागली नसती. कारण साधं आहे. कचरा टाकणारा प्रोग्रॅम समोरच्या पानावर नोफॉलो आहे की नाही हे तपासत बसत नाही. एक प्रतिक्रिया टाकायला त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. लाख ठिकाणी टाकायची, कुठेतरी लागेल. शिवाय लिंकेवर माणसंही टिचकी मारतात, आणि माणसांना नोफॉलो दिसत नाही. म्हणजे उपाय ज्याच्यासाठी होता त्याने तो मनावर घेतला नाही, आणि ज्याचा गुन्हा नव्हता त्याच्यावर तो वीस वर्षं लागू आहे.

इथे मला त्या शब्दाकडेच जरा बघायचंय, कारण साहित्याच्या पानावर शब्दांची झडती घेतली तर कोणी रागावणार नाही. वेबपानाच्या भाषेत लिंकेला 'रेल' नावाचं एक खातं असतं. रेल म्हणजे रिलेशन, नातं. हे पान त्या पानाचं कोण लागतं ते तिथे लिहायचं: पुढचं पान, लेखकाची ओळख, परवान्याचा मजकूर. हे सगळं नातंच आहे. 'नोफॉलो' हे नातं नाही, हुकूम आहे, आणि तोही तिसऱ्याला दिलेला. गणगोताच्या यादीत चुलता, मावशी, आतेभाऊ आणि मग 'कुत्र्यापासून सावध राहा'. वेबच्या प्रमाणभाषेच्या अधिकृत मसुद्यात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळाच दिलाय: पानाचा मूळ लेखक किंवा प्रकाशक त्या दुसऱ्या पानाचं समर्थन करत नाही. नाव सांगतं 'जाऊ नकोस', अर्थ सांगतो 'माझं समर्थन नाही', आणि वापरणारे वापरतात 'मी बघितलेलं नाही' या अर्थी. तीन निराळी वाक्यं एका शब्दात कोंबलीत. न बघणं आणि बघून नाकारणं यातला फरक ज्या शब्दात मावत नाही त्या शब्दावर सगळ्या वेबची बाहेर जाणारी दारं टांगलेली आहेत.

त्याच सुमारास काही लोकांनी दुसरा एक प्रस्ताव मांडला होता. लिंक देतानाच सांगायचं: पाठिंबा, विरोध की तटस्थ. समीक्षा लिहिणाऱ्या माणसाला ही सोय किती हवीशी आहे बघा. एखाद्या भंपक पुस्तकावर किंवा थापा मारणाऱ्या साइटवर टीका करायची तर तिची लिंक द्यावी लागते, आणि यंत्र ते कौतुक म्हणून मोजतं. तो प्रस्ताव सर्च इंजिनांनी उचलला नाही. राहिलं ते नोफॉलो. आणि या एका जागी, म्हणजे लेखकाने स्वतः विचार करून एका विशिष्ट लिंकेला लावलेलं असतं तिथे, माझी नोफॉलोबद्दल काहीच तक्रार नाही. ते त्याचं मत आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकेबद्दलही नाही; तिथे शिक्का हवाच. तक्रार आहे ती साइटने सगळ्यांच्या वतीने, सगळ्या लिंकांवर, न वाचता मारलेल्या शिक्क्याबद्दल.

विकिपीडियाकडे परत येतो, कारण या वादातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सभ्य आरोपी तोच आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००५ मध्ये यावर बरीच चर्चा झाली आणि लेखांमधल्या लिंका काही काळ मोकळ्या राहिल्या. जानेवारी २००७ मध्ये जिमी वेल्स यांच्या सांगण्यावरून सगळ्या बाह्य लिंकांना नोफॉलो लागलं, ते आजतागायत आहे. बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. विकिपीडिया कोणालाही संपादता येतो. त्याच्या लिंकेला वजन असलं तर ती लिंक घुसवण्यासाठी पैसे मोजणारे उभे राहतात. संपादक फुकट काम करणारे. त्यांचा वेळ लेख सुधारण्याऐवजी राखणीत जाणार. त्यापेक्षा आमिषच काढून टाकू.

हे पटतं, पण अर्धंच. एक तर आमिष पूर्ण गेलेलं नाही. विकिपीडियावरून येणारे वाचक खरेच असतात, आणि विकिपीडियाचा मजकूर उचलून स्वतःच्या साइटवर टाकणारे कितीतरी जण नोफॉलो उचलायला विसरतात. दुसरं म्हणजे, विकिपीडियाची खरी राखण नोफॉलो करत नाही. ती बंदी घातलेल्या साइटांची यादी करते, अलीकडचे बदल डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं करतात. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'अजून तपासलेलं नाही' आणि 'तपासलंय' यात फरक कसा करायचा हे विकिपीडियाला उत्तम माहीत आहे. इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख लिहिला तर तो लगेच सर्च इंजिनांना दिला जात नाही. कोणी जाणत्या संपादकाने तो पाहून होकार दिला, किंवा ९० दिवस उलटले, की मगच त्याची नोंद होऊ शकते. जर्मन विकिपीडिया तर २००८ पासून लेखाची प्रत्येक आवृत्ती विश्वासू सदस्याने नजरेखालून घातली आहे की नाही याची नोंद ठेवतो, आणि नुसता वाचायला आलेल्याला सहसा नजरेखालून गेलेलीच आवृत्ती दिसते.

म्हणजे स्वतःच्या पानांसाठी विलगीकरण कक्ष आहे: काही दिवस आत ठेवा, तपासा, मग सोडा. दुसऱ्यांच्या पानांसाठी मात्र थेट जन्मठेप. दहा वर्षं लेखात टिकलेला, डझनभर संपादकांनी पाहिलेला, चर्चापानावर ज्याच्यावर भांडण होऊन जो शेवटी ग्राह्य धरला गेला तो संदर्भ आणि काल रात्री कोणी अनामिकाने चिकटवलेली लिंक, यंत्राच्या लेखी सारखीच. विकिपीडियातून विकिपीडियाच्याच भावंड प्रकल्पांकडे जाणाऱ्या लिंकांना मात्र नोफॉलो नसतं. घरच्यांची ओळख चालते.

साइटवाल्यांच्या मनात आणखी एक हिशेब असायचा, तो उघड बोलला जात नसे. दहापैकी पाच लिंकांना नोफॉलो लावलं तर उरलेल्या पाचांना दुप्पट वाटा मिळेल, म्हणजे बाहेरच्यांचं तोडून घरच्यांना वाढता येईल. जून २००९ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी हे गाजर मोडलं. नोफॉलो लावलेल्या लिंकेचा वाटा इतरांकडे जात नाही, तो वाफ होऊन जातो, आणि हे वर्षभराहून अधिक काळ तसंच चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून बाहेरच्याचा वाटा कापून घरात काही येत नाही. तरी सवय सुटली नाही, यावरून ती मुळात कंजूषी नव्हती, निव्वळ भीती होती, असं मला वाटतं.

याच्या दुसऱ्या टोकाला हॅकर न्यूज. प्रोग्रॅमर लोकांचा हा कट्टा पॉल ग्रॅहम यांनी २००७ मध्ये सुरू केला आणि त्याचा सुरुवातीचा कोड त्यांनी सगळ्यांना वाचायला ठेवला. मी तो वाचलाय. आर्क नावाच्या, ग्रॅहम यांच्याच एका तऱ्हेवाईक भाषेत आहे. त्यात नोफॉलोचा नियम एका ओळीचा. बातमीला मिळालेल्या मतांमधून खोट्या खात्यांची मतं वजा करायची; उरलेला आकडा पाचापेक्षा जास्त असला तर नोफॉलो काढून टाकायचं. बस. ना धोरण, ना समिती. मला हा कोड पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं होतं, कारण इथे शिक्का कायमचा नाही. लिंक आली, लोकांनी बघितली, जामीन मिळाला.

पण मतं म्हणजे तपासणी नव्हे. सहा मतं मिळवणं अवघड नाही, आणि मतं मथळ्यालाही पडतात; लिंक न उघडता मत देणारे आपणही असतोच की. शिवाय मत देणाऱ्यांना जे वाचता येतं त्यालाच जामीन. एखाद्या मराठी पानाची लिंक तिथे टाकली तर सहा जणांनी ती वाचून मत द्यायला सहा मराठी वाचणारे त्या घटकेला तिथे असावे लागतील. हा दोष ग्रॅहम यांचा नाही. तो कट्टा इंग्रजीच आहे. पण त्यांचा नियम उचलून दुसरीकडे लावायचा तर मतांऐवजी दुसरं काही मोजावं लागेल. लिंक टाकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी जबाबदार माणसाने ती उघडून पाहिली का, इतकंच. लोकप्रियता नको, डोळे हवेत.

मग १० सप्टेंबर २०१९ ला गूगलने डाव बदलला. नोफॉलोच्या जोडीला दोन नवे शब्द आले: पैसे घेऊन दिलेल्या लिंकेसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि लोकांनी टाकलेल्या मजकुरातल्या लिंकेसाठी 'यूजीसी'. (यूजीसी म्हटलं की आपल्याकडे प्राध्यापक दचकतात. इथे त्याचा अर्थ 'वापरकर्त्यांनी लिहिलेलं' एवढाच आहे.) आणि त्याच घोषणेत असंही सांगितलं, की नोफॉलो यापुढे हुकूम नाही, इशारा आहे. म्हणजे 'आम्ही यांना ओळखत नाही' हे तुमचं म्हणणं गूगल ऐकून घेणार, मानायचं की नाही ते स्वतः ठरवणार. चौदा वर्षं सगळ्यांनी सगळ्यावर तोच शिक्का मारल्यावर दुसरं काय होणार होतं? ज्या परीक्षेत प्रत्येकाला शून्य मिळतं त्या परीक्षेच्या गुणपत्रिकेतून काहीच कळत नाही. वर्डप्रेसने त्याच वर्षाच्या शेवटी प्रतिक्रियांमधल्या लिंकांना नोफॉलोसोबत यूजीसीही लावायला सुरुवात केली. बेल्ट होता, वरून नाडी बांधली.

या बदलाकडे 'चला, आता प्रश्न मिटला, गूगल बघून घेईल' असं बघणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. मला तो प्रश्न वाढल्यासारखा वाटतो. कोणाच्या लिखाणाला किती वजन, हे सांगायचा अधिकार त्या त्या विषयाची माहिती असलेल्या माणसांच्या समूहाकडे होता. त्यांनी तो वापरला नाही, सरसकट 'आमचं काही म्हणणं नाही' असं लिहून दिलं. आता त्यांचं म्हणणं काय असावं याचा अंदाज एक कंपनी बांधते, आणि तो कसा बांधते हे सांगत नाही. मत न देता घरी बसलेल्या माणसाने निकालाबद्दल कुरकुर करावी, तसं होतं मग आपलं.

इंग्रजीत याने फार बिघडत नाही. इंग्रजीत एखाद्या विषयावर चांगलं पान असेल तर त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ असतात. दोन बंद झाल्या तरी वीस उरतात. मराठीत एखाद्याने आपल्या तालुक्यातल्या वीरगळांवर, एखाद्या बोलीतल्या शब्दांवर, बंद पडलेल्या मासिकांवर वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं असतं. त्या पानाकडे जाणाऱ्या वाटा मोजून दोन-तीन. एक विकिपीडियाच्या लेखातून, एक एखाद्या मराठी चर्चेच्या साइटवरून, एक मित्राच्या ब्लॉगवरून. यातल्या पहिल्या दोघांनी 'जामीन नाही' म्हटलं की उरलं काय? पुढे कोणी त्या वीरगळाचं नाव गूगलवर टाकतं, आणि वर येतात ती पानं यंत्राने भाषांतर केल्यासारख्या मराठीतली, जिथे वीरगळाचा 'नायकाचा दगड' झालेला असतो. यात सगळा दोष नोफॉलोचा, असं मी म्हणणार नाही. त्यामागे इतर पन्नास कारणं आहेत. पण उरलेली कारणं आपल्या हातात नाहीत आणि हे आहे.

इथे उलट बाजूही तेवढ्याच जोरात मांडायला हवी, नाहीतर मी वकिली करतोय असं होईल. लहान समूहाकडे राखणीला माणसंही कमी असतात. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, पण तिथे नियमाने काम करणारे संपादक इंग्रजीच्या मानाने मूठभर. इंग्रजीत जाहिरातीची लिंक काही मिनिटांत उडते, ती मराठीत महिनोन्महिने राहू शकते, कारण त्या पानावर कोणी फिरकतच नाही. म्हणून ९० दिवसांचा नियम जसाच्या तसा मराठीत आणला तर कचरा नुसता टिकून राहिल्याबद्दल बढती मिळवेल. टिकणं म्हणजे मान्य होणं, हे गर्दीच्या गावात खरं असतं. ओसाड वाड्यात भूतही टिकतं. तेव्हा लहान साइटवर वेळ मोजण्यात अर्थ नाही, माणसाची नजर मोजावी लागेल. आणि ज्यांना एवढीही माणसं परवडत नाहीत त्यांनी सरसकट यूजीसी लावून ठेवावं. निदान ते खरं तरी आहे: लोकांनी टाकलंय, आम्ही पाहिलेलं नाही.

दुसरी अडचण याहून अवघड, आणि नोफॉलो काढा म्हणणारे तिच्याबद्दल सहसा गप्प असतात. जामीन देताना माणूस एक असतो आणि वर्षांनी दुसराच निघतो. साइटचं नाव दरवर्षी पैसे भरून राखावं लागतं. लेखकाने भरणं सोडलं, किंवा तो वारला, की ते नाव बाजारात येतं, आणि त्या नावाला चांगल्या जागांवरून लिंका आहेत हे बघूनच ते विकत घेणारे असतात. उद्या त्याच पत्त्यावर जुगाराचं ॲप. तुमच्या पानावरची लिंक तीच, जामीन तोच, आत राहणारा बदललेला. मराठीतल्या जुन्या साइटांच्या लिंका मी अधूनमधून उघडून बघतो. कवितांच्या पत्त्यावर सट्ट्याचे आकडे दिसले की वाईट वाटतं ते निराळंच. सरसकट नोफॉलो लावणाऱ्यांकडे या एका मुद्द्याचं उत्तर आहे, हे मान्य करायला हवं. माझं उत्तर एवढंच, की जामीन मुदतीचा ठेवा. लिंक मेली किंवा पान ओळखू येणार नाही इतकं बदललं की तो आपोआप काढून घ्या. हे ओळखणारे प्रोग्रॅम लिहिणं अशक्य नाही. विकिपीडियावर मेलेल्या लिंका शोधून त्यांच्या जागी जतन केलेल्या प्रती लावणारे बॉट आजही फिरतात. त्यांना एक काम जास्त.

सोय अगदीच नाही असंही नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकी नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात नोफॉलोतून काही साइट वगळायची यादी करता येते. उद्या कोणी मराठी विकिपीडियासाठी अशी यादी करायला बसलं तर अर्ध्या तासात होईल, आणि तिथेच माझी पंचाईत आहे. त्या यादीत पहिलं नाव मराठी विश्वकोशाचं येणार, मग सरकारी गॅझेटियर, मग विद्यापीठं, मग वर्तमानपत्रं. विश्वकोशाला माझ्या जामिनाची गरज नाही. ज्याला आहे त्याचा पत्ता ब्लॉगस्पॉटचा, आणि अख्खा ब्लॉगस्पॉट यादीत घातला तर त्या वीरगळवाल्याबरोबर तिथला सगळा कचराही आत येतो. यादी साइटची करून भागणार नाही, लिंकेची करावी लागेल. मीडियाविकी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिंकेची नोंद आपल्या डेटाबेसमध्ये एका वेगळ्या तक्त्यात ठेवतोच. हे एका शनिवार-रविवारचं काम आहे अशी सॉफ्टवेअरवाल्यांची ठरलेली फुशारकी मी मारणार नाही. ज्या तक्त्यात कोट्यवधी ओळी असतात त्याला हात लावायला महिने जातात, आणि त्याआधीची चर्चा त्याहून लांबते. पण रकाने दोनच वाढवावे लागतील. कोणी पाहिलं, आणि कधी.